धरणाचा पाझर आधी कोणाला दिसतो?

२ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले. भेंदवाडी वाहून गेली, वीसहून अधिक माणसांचा बळी गेला. धरण गळते आहे, हे गावकरी आधीपासून सांगत होते. फुटल्यावर तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांवर खापर फोडले. खेकड्यांना जाब विचारता येत नाही, ही मोठीच सोय!

मैत्रिणींनो, मी महाड-पोलादपूरच्या वाड्यांत बायकांचे गट बांधण्याचे काम करते. इथले पुरुष चाकरीसाठी मुंबई-सुरतेला. मातीच्या धरणाच्या पायथ्याशी धुणे, गुरे, भातशेती यांसाठी रोज वावरते ती बाई. पाझराचे पाणी नितळ असेल तर लक्ष ठेवायचे. ते वाढले, गढूळ झाले, तर भिंतीच्या आतली माती वाहून चालली आहे, असे धरणाचे शास्त्र सांगते. हा फरक धुणे धुणारीच्या नजरेला आधी दिसतो. पण तिचे म्हणणे लिहून घेणारी वही कुठेच नाही.

धरण सुरक्षा कायदा २०२१ साली झाला. पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी, संकटकाळाचा कृती आराखडा, हे त्यात आहे. मात्र तो मुख्यतः १५ मीटरहून उंच धरणांना लागू होतो. १० ते १५ मीटरच्या धरणांना काही अटींवर. त्याहून लहान धरणांखालच्या वाड्यांनी काय करायचे?

अहवाल उघड केले तर घबराट पसरेल, असे म्हणतात. २२ जुलै २०२१ ला महाड बुडाले, तळियेत दरडीखाली ऐंशीहून अधिक माणसे गेली, पोलादपुरात साखर आणि केवनाळ्यालाही दरडी कोसळल्या. रस्ते, वीज, फोन तुटले की पहिल्या काही तासांत वाडीला वाडीच वाचवते. ज्यांनी वाचवायचे त्यांच्यापासूनच माहिती लपवायची, हा कुठला न्याय?

म्हणून आपल्या मागण्या तीन. धरण लहान असो वा मोठे, तपासणीचा अहवाल ग्रामसभेआधीच्या महिला सभेत सोप्या मराठीत वाचला जावा. पाझराची वही गावात असावी आणि प्रत्येक नोंदीची पोच मिळावी. रात्री-अपरात्री कोणत्या वाटेने कोणत्या उंचवट्यावर जायचे, म्हाताऱ्यांना कोणी न्यायचे, हे बायकांशी बोलून ठरावे.

१९२७ साली याच महाडात चवदार तळ्याच्या पाण्यावर हक्क सांगितला गेला. पाणी अडवणाऱ्या भिंतीची खबर घेणे हा त्याच हक्काचा पुढचा भाग आहे. येत्या पावसाळ्याआधीच्या महिला सभेत हा विषय मांडा, आणि ठराव लिहून घेतल्याशिवाय उठू नका.