विषाणूंच्या चुका आणि समाजाचा हिशेब

विषाणूची वाढ औषधाने रोखावी, ही कल्पना जुनी; त्याला इतक्या चुका करावयास लावाव्यात की त्याचा वंशच बुडावा, ही कल्पना त्या मानाने नवी. आपल्या जनुकीय मजकुराची नक्कल करताना विषाणू चुका करतोच, आणि त्यांतील काही त्याच्या पथ्यावर पडतात. परंतु या चुकांनाही मर्यादा आहे, असे जर्मन शास्त्रज्ञ मानफ्रेड आयगेन यांनी १९७१ साली मांडले. ती ओलांडली की पुढील पिढ्या निकामी होत जातात. रायबाव्हिरिन या औषधाने पोलिओच्या विषाणूची अशीच गत होते, हे २००१ साली अमेरिकी संशोधकांनी प्रयोगशाळेत दाखविले.

कोरोनाच्या विषाणूपाशी तर स्वतःचा मुद्रितशोधकच आहे. त्यालाही चकविणारे औषध म्हणजे मोल्नुपिराव्हिर. २८ डिसेंबर २०२१ रोजी केंद्राने त्याच्या आणीबाणीतील वापरास मान्यता दिली. अवघ्या आठ दिवसांनी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे तत्कालीन महासंचालक डॉ. बलराम भार्गव यांनी सुरक्षिततेविषयी गंभीर शंका बोलून दाखविली. राष्ट्रीय उपचारपद्धतीत त्यास स्थान मिळाले नाही. एका हाताने परवाना, दुसऱ्या हाताने इशारा! त्याच सुमारास ४० कॅप्सूलांचा पाच दिवसांचा उपचार एका कंपनीने १,३९९ रुपयांत बाजारात आणला.

अर्थशास्त्राचा प्रश्न येथेच उद्भवतो. जालना हे बियाण्यांचे गाव. शेजारच्या शेतातील पराग आपल्या बीजोत्पादनाची शुद्धता बिघडवितात, म्हणून दोन वाणांत ठरावीक अंतर राखावे लागते, हे येथील शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. एकाच्या कृतीचा भार दुसऱ्यावर पडतो, तेथे केवळ बाजारावर विसंबून चालत नाही. या औषधाचेही तसेच आहे. पैसा किंवा धीर संपल्यामुळे रुग्णाने उपचार अर्धवट सोडला, तर नव्या चुकांसह तगलेला विषाणू शेजाऱ्याच्या घरी जाऊ शकतो.

ही निव्वळ कल्पना नव्हे. या औषधाच्या खुणा वागविणारे विषाणू क्वचित एकाकडून दुसऱ्याकडे गेल्याचे २०२३ साली 'नेचर'मधील संशोधनात आढळले. त्यांतून अधिक घातक प्रकार निपजल्याचा पुरावा मिळाला नाही, हे खरे. पण ते कळले जनुकीय तपासणीची जागरूक व्यवस्था होती म्हणूनच.

साथीत रुग्णास थांबता येत नाही, हा युक्तिवाद दुर्लक्षणीय नाही. लस न घेतलेल्या, धोक्यातील रुग्णांना या औषधाचा काहीसा लाभ झाला. परंतु ब्रिटनमध्ये बहुतांशी लसवंत अशा २५,००० हून अधिक लोकांवरील चाचणीत बरे होण्याचा काळ घटला, रुग्णालयात दाखल होण्याचे वा मृत्यूचे प्रमाण घटले नाही. लाभ इतका मर्यादित असताना जोखीम सर्वांनी का वाहावी?

म्हणून मार्ग बंदीचा नव्हे, जबाबदारीचा आहे. अशी औषधे सरकारी देखरेखीखाली, खरोखर गरजूंनाच आणि संपूर्ण मात्रेत मिळावीत. गरिबास ती विनामूल्य द्यावीत. उपचारानंतरही विषाणू न हटलेल्या रुग्णांचे नमुने जिल्ह्याजिल्ह्यांतून तपासले जावेत. विषाणूस चुका करावयास लावणाऱ्या समाजाने स्वतः चुकण्याची मुभा घेऊ नये.