फोनोची बाजू

जुना टर्नटेबल दुरुस्त करून त्यावर तबकड्या ऐकण्याच्या छंदात नांदेड-लातूरकडे दोन जातींची यंत्रे हाती लागतात. एक चावीचे: लाकडी पेटी, बाजूला हँडल, आत पोलादी स्प्रिंग, वर साउंडबॉक्स आणि कर्णा. जुनी माणसे याला फोनो म्हणतात. दुसरे विजेचे: साठ-सत्तरच्या दशकांतले एचएमव्ही किंवा फिलिप्सचे रेकॉर्ड प्लेअर आणि लग्नमंडपात लाऊडस्पीकरवाल्यांनी वापरून झिजवलेले रेकॉर्ड चेंजर. ही यंत्रे पुन्हा चालती करणे आणि त्यांवर ऐकणे हे करण्याजोगे काम आहे. मात्र त्याची नेहमीची समर्थने बहुतेक फसवी आहेत आणि नेहमीचे आक्षेप भलत्याच जागी नेम धरतात. दोन्हींची छाननी केल्याशिवाय या कामाची खरी बाजू दिसत नाही.

पहिले खंडन समर्थकांचेच करावे लागते. तबकडीचा आवाज डिजिटल आवाजापेक्षा मुळातच श्रेष्ठ असतो, हे विधान मोजमापात टिकत नाही. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीत अगदी हळू आणि अगदी मोठ्या आवाजातले अंतर सुमारे ९६ डेसिबलपर्यंत मावते. चांगल्या एलपीत ते साठ-सत्तरच्या घरात राहते आणि लाखेच्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीत तीस-चाळीसच्या. लाखेत दगडाची बारीक पूड मिसळलेली असते. पोलादी पिन घासून खाचेच्या आकाराची व्हावी म्हणून ती मुद्दाम घातलेली असते, आणि खरखरीचा मोठा भाग तिथूनच येतो. त्या आवाजावर कुणाचे प्रेम असेल तर ते खरे प्रेम आहे, पण त्याला ध्वनिशास्त्राचा पुरावा म्हणून पुढे करता येत नाही. हा दावा सोडून दिल्याने छंदाचे काही बिघडत नाही, कारण त्याचा आधार दुसरीकडे आहे.

विरोधकांचा सर्वांत वजनदार आक्षेप असा, की सारे संगीत आता मोबाइलवर मिळते, मग यंत्र कशाला? यात दोन चुका आहेत. ‘सारे’ ही पहिली. जे गाजले, ज्याचे हक्क कुणीतरी सांभाळले किंवा एखाद्या संग्राहकाने जे चढवले तेवढेच मोबाइलवर येते. भारतात तबकड्यांसाठी ध्वनिमुद्रण नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात सुरू झाले. ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग याने त्या दौऱ्यात पाचशेहून अधिक मुद्रणे केली. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जात. तिकडच्या कामगारांना गायक ओळखता यावा म्हणून गौहर जानसारख्या गायिका गाणे संपताच स्वतःचे नाव पुकारत. १९०८ मध्ये कलकत्त्यात सियालदह येथे कारखाना निघाला, १९२८ मध्ये दमदमला मोठा कारखाना उभा राहिला, आणि सुमारे १९७० पर्यंत लाखेच्या तबकड्या निघत राहिल्या. नाट्यपदे, भावगीते, लावण्या, पोवाडे, कीर्तने, कव्वाल्या, नकला असे नाना प्रकार त्यांवर आले. त्यांतले कितीतरी पुन्हा कधीच छापले गेले नाही. अशी तबकडी एखाद्या घरात उरली असेल तर ती वाचणारे चालते यंत्र हाच तिच्यातल्या आवाजापर्यंतचा रस्ता आहे.

‘मिळते’ ही दुसरी चूक कमी दिसते, पण संगीताच्या दृष्टीने अधिक गंभीर आहे. ७८ ही संख्या त्या काळाचा सर्वसाधारण दंडक होती. सुरुवातीच्या अनेक तबकड्या प्रत्यक्षात त्याहून कमी-अधिक वेगाने कोरल्या गेल्या. मिनिटाला ७४ फेऱ्यांवर कोरलेली तबकडी ७८ वर वाजवली, तर गायकाचा सूर जवळजवळ एका पट्टीने चढतो. काळी एकमध्ये गायलेले पद पांढरी दोनच्या आसपास ऐकू येते आणि तीन मिनिटांचे गाणे नऊ सेकंद आधी संपते. तान उगाच चपळ वाटते, आवाज बारीक होतो, भरदार पुरुषी गळा पोरसवदा भासतो. मोबाइलवरच्या फायलीत अशी चूक एकदा शिरली की ऐकणाऱ्याला ती कळायला मार्ग नसतो. त्यातच खरखर काढताना तंबोऱ्याचा वरचा झंकारही गाळला गेला, तर उरलेल्या आवाजावरून गायकाची परीक्षा करणे त्याच्यावर अन्याय आहे. चावीच्या यंत्राला वेग कमी-जास्त करण्याची कळ असते. पेटी जवळ घेऊन, कळ हळूहळू फिरवत मूळ पट्टी शोधणे हा ऐकण्याचाच भाग आहे, आणि तो तयार फाइल कुणाला देत नाही.

अमेरिकेच्या नासा संस्थेने १९७७ साली व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली. तिच्यात गोव्याच्या केरी गावच्या गायिका केसरबाई केरकरांची भैरवी आहे. ती तबकडी वाजवण्याचे कार्ट्रिज आणि सुई सोबत ठेवली गेली, आणि ती कशी वाजवायची याची आकृती वेष्टनावर कोरली गेली. वाचण्याचे साधन नसेल तर तबकडी मुकी आहे, हे तिथल्या शास्त्रज्ञांनी गृहीतच धरले होते. नांदेडच्या एखाद्या माळ्यावरच्या ट्रंकेतल्या तबकड्यांनाही हाच नियम लागू आहे.

या दोन जिल्ह्यांत हा मुद्दा अधिक तीव्र होण्याला इतिहासातले कारण आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत नांदेड हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातला जिल्हा होता आणि लातूर हा त्याच संस्थानातल्या उस्मानाबाद जिल्ह्याचा तालुका. लातूर जिल्हा १९८२ मध्ये वेगळा झाला. लाखेच्या तबकडीच्या आयुष्याचा निम्म्याहून अधिक काळ संस्थानी राजवटीत गेला. शाळा-कचेऱ्यांची भाषा उर्दू, घरची मराठी, उदगीर-निलंग्याच्या बाजूला कन्नड आणि देगलूर-बिलोलीकडे तेलुगू. अशा मुलुखातली एखादी जुनी पेटी उघडली तर बालगंधर्वांच्या पदाशेजारी कव्वाली निघण्यात नवल नाही. पुणे आकाशवाणीवर १ एप्रिल १९५५ पासून गीतरामायण सुरू झाले तेव्हा हा भाग अजून हैदराबाद राज्यातच होता. मुंबई राज्यात तो १ नोव्हेंबर १९५६ रोजी आला. गाणे सरकारी सीमेच्या आधी पोहोचते, आणि कुठल्या घरी काय पोहोचले याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. ती तबकडीवरच्या लेबलात, दुकानदाराच्या शिक्क्यात आणि सर्वांत जास्त झिजलेल्या खाचेत आहे. कोणते पद घरात पुन्हापुन्हा लावले गेले, हे ती खाचच सांगते. गावांत वीज पोहोचण्याच्या आधीच्या काळात चावीचे यंत्र विजेवाचून गात होते, आणि भारनियमनातही ते तसेच गाते.

यावर इथला एक आक्षेप उभा राहतो आणि तो गांभीर्यानेच घ्यायला हवा. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा मुलुखात तबकड्यांचे लाड शोभतात का? परदेशी टर्नटेबल, आयात सुया आणि महागडे अँप्लिफायर यांची स्पर्धा हा या छंदाचा अर्थ असेल, तर आक्षेप रास्त आहे. पण दुरुस्ती म्हणजे तशी खरेदी नव्हे. यंत्र बहुधा घरातच असते, माळ्यावर किंवा भंगारवाल्याच्या दारात. लागतात ते हात. शिलाई मशीनचा मिस्त्री, घड्याळजी, मोटार वाइंडिंगवाला आणि लेथवाला एवढ्या चौघांत या पेटीचे बहुतेक काम निभते, आणि हे चौघेही लातूर, नांदेड, उदगीर, देगलूरच्या बाजारपेठांत आहेत. सीलबंद ब्लूटूथ स्पीकर बिघडला की तो फेकून नवा घ्यावा लागतो. तुटपुंज्या पैशाच्या मुलुखाला कोणते यंत्र अधिक परवडते, हे वेगळे सांगायला नको. शिवाय दुष्काळग्रस्त माणसाने गाण्याची इच्छा पाऊस पडेपर्यंत स्थगित ठेवावी, ही अपेक्षा ज्यांना दुष्काळ सोसावा लागत नाही तेच करू शकतात.

काम नेमके काय असते, हे पाहिले म्हणजे त्याची ओढही कळते. चावीच्या यंत्रात पहिले दुखणे स्प्रिंगचे. आतले ग्रीस वर्षानुवर्षे सुकून घट्ट होते, पट्टीचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि सुटताना धक्का देतात. गाण्यात तो ठोका ऐकू येतो. स्प्रिंग पूर्ण उतरवल्याशिवाय तिचा डबा उघडणे धोक्याचे, कारण ती पट्टी बाहेर उसळून बोटे कापू शकते. टोकाशी तुटलेली स्प्रिंग टाकून द्यावी लागत नाही. टोक तापवून मऊ करायचे, नवे भोक पाडायचे आणि पुन्हा बसवायची. वेग राखतो तो गव्हर्नर. पातळ पट्ट्यांवर बसवलेली तीन वजने फिरता फिरता बाहेर फाकतात आणि चकतीला चामड्याच्या तुकड्यावर दाबतात. तो तुकडा कोरडा पडला की सूर थरथरतो, आणि तेलाच्या एका थेंबाने स्थिरावतो. साउंडबॉक्समधला अभ्रकाचा पडदा टिकतो, पण त्याच्या कडेचे रबर दगड होते. ते बदलले की कर्कश वाटणारा आवाज गोल होतो, आणि आजवर दोष गायकाला दिला गेला तो रबराचा होता असे निघते.

विजेच्या यंत्रांचा शत्रू इथला उन्हाळा आहे. बाहेर ४२-४३ अंश असताना पत्र्याच्या छपराखालच्या बंद पेटीत ऊब आणखी चढते. जुन्या स्वस्त कार्ट्रिजमध्ये रोशेल क्षाराचा स्फटिक असतो. तो ५५ अंशांच्या आसपास कायमचा मरतो आणि पावसाळ्यात दमट हवाही त्याला सोसत नाही. त्याच्या जागी सिरॅमिक कार्ट्रिज बसवावे लागते. थाळी फिरवणारे रबरी चाक एका जागी दबून राहिले तर घरघर येते. ते लेथवर तासून सरळ होते. मेलेली वाटणारी मोटार पुष्कळदा नुसती सुकलेल्या तेलाने जखडलेली असते. व्होल्टेज उतरले की साध्या मोटारीचा वेगही उतरतो. तो तपासायला कागदाची स्ट्रोबोस्कोप चकती पुरते: ५० हर्ट्झच्या विजेवर जळणाऱ्या निऑन दिव्याखाली ७७ रेघांचे वर्तुळ स्थिर दिसले, म्हणजे थाळी ७८ वर आली.

सुईची गल्लत मात्र तबकडीच्याच जिवावर येते. लाखेच्या खाचेला सुमारे ७५ मायक्रॉन टोकाची सुई लागते, एलपीला २५ किंवा त्याहून बारीक. बारीक सुई लाखेच्या खाचेच्या तळाशी घासत जाते. पोलादी पिन प्रत्येक बाजूनंतर बदलायची असते. ती जपून पुन्हा वापरणे ही सर्वांत महाग काटकसर आहे. लाखेची तबकडी स्पिरिटने पुसू नये, लाख त्यात विरघळते.

जुने यंत्र दुरुस्त केले की त्याचे अस्सलपण जाते, हा शुद्धतावाद्यांचा आक्षेप उरतो. फिरण्यासाठी बनवलेली वस्तू बंद ठेवण्याने अस्सल राहत नाही. काढलेला भाग पुडीत बांधून पेटीतच ठेवावा, काय बदलले ते कागदावर लिहावे, म्हणजे इतिहासही शाबूत राहतो. खरी फसवणूक वेगळी आहे: चकचकीत पितळी कर्णा, कुठलीतरी मोटार आणि वर चिकटवलेले एचएमव्हीच्या कुत्र्याचे चित्र अशी नवी जुळवलेली पेटी जुनी म्हणून विकली जाते. तिच्या जड आणि वाकड्या हातामुळे तबकड्या झिजतात. दिवाणखान्याच्या शोभेसाठी ती घेणाऱ्याने तिच्यावर जुनी तबकडी ठेवू नये.

दुरुस्त यंत्रावरचे ऐकणे तीन-साडेतीन मिनिटांच्या तुकड्यांत होते. अर्ध्या तासाचा ख्याल एवढ्या जागेत बसवताना गायकाने काय ठेवले आणि काय सोडले, हे या मर्यादेतच नीट कळते. बाजू संपली की उठावे लागते, पिन बदलावी लागते, चावी द्यावी लागते. म्हणून पुढचे काय लावायचे हे ठरवूनच लावले जाते आणि खोलीतले सगळे ते एकत्र ऐकतात. ऐकताना त्याच यंत्रावरून डिजिटल प्रतही करून ठेवावी, कारण तबकडी एकदा पडली की फुटते. प्रतीसोबत लेबलावरचा मजकूर, तबकडीचा क्रमांक, वापरलेल्या सुईची जाडी, फेऱ्यांचा वेग आणि त्या वेगावर निघालेली गायकाची पट्टी लिहावी, म्हणजे पुढच्या ऐकणाऱ्याला ती तपासून पाहता येईल.