मालक उठून गेल्यावर कामाचे काय?

१/ संगणकाला काम सांगून आपण निघून गेलो, तर ते चालू राहावे की थांबावे? युनिक्स-लिनक्सच्या जगात हा वाद पन्नास वर्षे जुना आहे आणि त्यात एक बाजू घेणे आवश्यक आहे.

२/ पडद्याआड चालणाऱ्या प्रोग्रामला ‘डीमन’ म्हणतात. हे नाव १९६३ च्या सुमारास एमआयटीच्या ‘प्रोजेक्ट मॅक’मध्ये रुळले. फर्नांडो कॉर्बाटो यांच्या सांगण्यानुसार त्यामागची प्रेरणा म्हणजे मॅक्सवेलच्या विचारप्रयोगातील, रेणूंची निवड करणारा काल्पनिक द्वारपाल.

३/ तेव्हा वापरकर्ते टेलिफोनच्या तारेवरूनही संगणकाशी जोडले जात. जोडणी तुटली की त्यांच्या प्रोग्रामना ‘हँगअप’ संकेत मिळे आणि ते संपत. म्हणून सत्तरच्या दशकात ‘नोहप’ ही आज्ञा आली. तिचा अर्थ एवढाच: मी गेलो तरी माझे काम थांबवू नका.

४/ २०१० मध्ये सिस्टमडी अवतरले. पुढे त्यातून प्रत्येक वापरकर्त्याला स्वतःचा सेवा-व्यवस्थापक मिळाला. आपल्याच होम डिरेक्टरीत एक छोटी फाइल लिहावी. प्रोग्राम सुरू होतो, सांगून ठेवल्यास कोसळल्यावर पुन्हा उठतो, त्याच्या नोंदीही राहतात. रूटचा अधिकार लागत नाही.

५/ मे २०१६ मधील २३० व्या आवृत्तीने मात्र वादळ उठवले. लॉगआउट होताच वापरकर्त्याचे मागे उरलेले प्रोग्राम संपवणे हेच मूळ वर्तन ठरले. नोहप, स्क्रीन, टीमक्स, कोणीही सुटले नाही. डेबियनने हा बदल आपल्याकडे बंद ठेवला.

६/ माझ्या मते सिस्टमडीचे तत्त्व योग्य होते, रीत अयोग्य. सामायिक यंत्रावर बेवारस प्रोग्राम मेमरी अडवून बसतात. त्यांना वाली हवाच. परंतु चार दशके पाळलेले वचन एका डीफॉल्टने मोडणे म्हणजे रात्रभर चाललेली कुणाची तरी गणिते पुसणे होय.

७/ यातून मार्ग ‘लिंगर’चा. या परवानगीविना वापरकर्ता-सेवा शेवटच्या लॉगआउटनंतर थांबते. परवानगी दिल्यास यंत्र सुरू होताच तीही सुरू होते. अनेकजण इथे अडखळतात आणि कंटाळून प्रोग्राम रूटच्या हवाली करतात. हा सर्वांत वाईट उपाय, कारण मग एका प्रोग्राममधील दोष अख्ख्या यंत्राला भोवू शकतो.

८/ म्हणून मार्गदर्शिका लिहिणाऱ्यांनी लिंगरची पायरी तळटीपेत नव्हे, पहिल्याच परिच्छेदात द्यावी. मालक नसताना काम चालावे, पण कोणाच्या परवानगीने चालले आहे हे यंत्राला ठाऊक असावे.