मापाची सायकल आणि चैनीचा आरोप

आपल्या शरीराचे माप देऊन डोंगरी सायकलीचा सांगाडा घडवून घेणे ही निव्वळ चैन होय, असा समज आमच्या मध्यमवर्गात दृढ झाला आहे. सुरतेत तर तो विशेषच चमत्कारिक वाटतो. येथे हिऱ्याचा प्रत्येक कच्चा खडा स्वतंत्रपणे पारखून, त्यावर खुणा करून, मगच त्यास पैलू पाडतात; शिंप्याकडे सदऱ्याचे माप देताना कोणी संकोचत नाही. परंतु ज्या वस्तूवर माणूस तासन्‌तास आपले मनगट, पाठ आणि गुडघे सोपवतो, ती मापाची मागताच ‘चोचले’ हा शब्द कानी येतो. “वकीलसाहेब, सायकलीची सवय करून घ्या,” असा उपदेश मला एका दुकानदाराने केला होता. जुळवून कोणी कोणाशी घ्यावे, हाच खरा वादाचा मुद्दा आहे.

आपल्याकडे त्याचा निकाल फार पूर्वीच माणसाच्या विरुद्ध लागला. घरातली काळी २२ इंची सायकल उंच बापाची, ठेंगण्या काकाची आणि दहा वर्षांच्या पोराचीही. पोराने दांड्याखालून पाय घालून हाफ पायडल मारावे आणि आपण त्या कसरतीचे कौतुक करावे! वस्तुतः ती गरिबीने लादलेली तडजोड होती. तिला सद्‌गुण मानण्याचे कारण नाही.

सीट वरखाली करता येते, मग सांगाड्याचे माप कशास, असा पहिला आक्षेप. सीट उचलल्याने केवळ पायांचा प्रश्न सुटतो. सीटपासून हँडलपर्यंतचे अंतर मुख्यतः वरच्या नळीची लांबी ठरविते, आणि ती विकत घेतल्यावर बदलत नाही. पाय लांब व धड आखूड असलेल्या माणसाने सीट उंच केली की त्याला पुढे ताणून वाकावे लागते. मनगटे बधिर होतात, मान आखडते. हँडलाची दांडी आखूड करता येते हे खरे, परंतु तिच्याबरोबर सायकलीचे वळणही बदलते. सपाट रस्त्यावर हा दोष सोसता येतो. तीव्र उतारावर मात्र स्वार पायडलांवर उभा राहून आपला भार मागे नेतो. तेथे दोन चाकांमध्ये भार कसा विभागला जातो यावर पुढचे चाक पकड धरणार की घसरणार हे ठरते, आणि पाय टेकण्याची वेळ आली असता वरची नळी अंगाला भिडणार नाही इतकी खाली असावी लागते. म्हणजे डोंगरी सायकलीत माप हा सुखाचा नव्हे, सुरक्षिततेचा प्रश्न आहे. ज्यांचे शरीर तयार मापात बसते त्यांनी तयार सायकल खुशाल घ्यावी. कायदाही नियम सर्वसामान्यांसाठी करतो. पण अपवादाची तरतूद ठेवल्याबद्दल त्याला कोणी चैनी म्हणत नाही.

डोंगरी सायकलीचा जन्मच या तडजोडीविरुद्धच्या बंडातून झाला. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यात काही तरुण श्विन कंपनीच्या जुन्या, जाड टायरांच्या सायकली डोंगरावरून पिटाळीत. एका उतारात ब्रेकमधले ग्रीस जळून जाई, सांगाडे मोडत. अखेर १९७७ मध्ये जो ब्रीझ याने या कामासाठीच नवा सांगाडा घडविला. आज जिला हौस म्हणून हिणवतात, ती मुळात एका कारागिराने गरजेला दिलेले उत्तर होती.

दुसरा आक्षेप खर्चाचा. तो खरा आहे, पण प्रामाणिक नाही. तयार परदेशी सायकलीवर तितकाच किंवा अधिक पैसा खर्चणाऱ्यास कोणी हसत नाही; कारण तीवर कंपनीचे नाव असते. नावासाठी मोजलेला पैसा चैनीचा. मापासाठी मोजलेला व्यवहाराचा. शिवाय पोलादी सांगाड्याची खराब झालेली नळी कुशल कारागीर बदलू शकतो.

तिसरा आक्षेप असा की, तापीकाठच्या सपाट सुरतेत डोंगरी सायकल कशाला? सापुतारा येथून दीडशेहून अधिक किलोमीटरवर आहे, आणि वघईपुढचा घाट सपाट नाही. ज्या सह्याद्रीच्या पायथ्याशी या मासिकाचा कोकणी वाचक राहतो, त्याच्याच उत्तरेकडील डोंगररांगा डांगात आहेत.

तथापि मापाच्या सायकलीच्या धन्यांनाही दोन शब्द सुनावणे अगत्याचे आहे. सांगाडा घडवून तो दिवाणखान्यात टांगणारे महाभाग विरोधकांच्याच पक्षाची साक्ष देतात. मालकी पावतीने सिद्ध होते. परंतु मापाच्या सायकलीवरचा हक्क वहिवाटीनेच सिद्ध व्हावा. ती दुसऱ्याच्या अंगाला क्वचितच बसते, म्हणून ती गुंतवणूकही नव्हे. चालवली नाही, तर ती केवळ लोखंड.

मापाचा हा आग्रह आमच्याच अंगणात थांबला, तर चैनीचा आरोप सिद्ध झाला असे मी स्वतःच मान्य करीन. उधना, लिंबायत, पांडेसरा येथील खानदेशी व ओडिया कामगारांनाही मनगटे व गुडघे आहेत, आणि सायकलीवर जाणाऱ्यास ती कारखान्यात दिवसभर राबवण्यापूर्वी व राबवल्यानंतर सायकलीवरही झिजवावी लागतात. सप्टेंबर २०२५ मध्ये सायकलीवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. सायकल ही चैनीची वस्तू नव्हे, एवढे तरी सरकारने मानले. आता कारखानदारांनी साधी सायकलही तीन-चार मापांत काढावी, आणि दुकानदाराने पैसे घेण्यापूर्वी गिऱ्हाइकाच्या पायाची लांबी फितीने मोजावी. फितीला फारसा खर्च येत नाही.