थ्रेड-लोकल म्हणजे लपवलेला ग्लोबलच!

कोड रिव्ह्यूमध्ये थ्रेड-लोकल दिसलं की मी अडतो. समोरचा लगेच म्हणतो, "अरे, पण ते थ्रेड-सेफ आहे ना!" आहे की. प्रश्न तो नाहीच.

ही सोय मुळात खऱ्या गरजेतून आली. युनिक्समधला 'एर्नो' घ्या. सिस्टिम कॉल फसला की कारणाचा आकडा त्यात पडतो. प्रोसेसमध्ये एकच थ्रेड होता तोवर एक ग्लोबल पुरला. अनेक थ्रेड आल्यावर एकाची चूक दुसऱ्याच्या माथी जाऊ लागली, म्हणून ज्याचा त्याला वेगळा एर्नो दिला. ६४ बिटी इंटेल मशिनवर लिनक्स हे काय झकास करतं! एफएस रजिस्टरमध्ये चालू थ्रेडच्या खासगी जागेचा पत्ता असतो आणि थ्रेड बदलताना कर्नल तो पत्ता बदलतो. इन्स्ट्रक्शन तीच, मेमरी ज्याची त्याची. (६४ बिटी विंडोज याच कामाला जीएस वापरतं.) इथवर टाळ्या.

पण या जागेचं आयुष्य थ्रेडइतकं असतं, रिक्वेस्टइतकं नाही. ऑपरेटिंग सिस्टिमला तुमची रिक्वेस्ट ठाऊकच नसते! आणि आपले सर्व्हर थ्रेडना मरू देतात कुठे? टॉमकॅटच्या डिफॉल्ट पूलमध्ये जास्तीत जास्त २०० थ्रेड, तेच आळीपाळीने राबतात. कोणीतरी लॉगिन झालेला युजर थ्रेड-लोकलमध्ये ठेवतो. वाटेत एक्सेप्शन उडतं, साफ करणारी ओळ चालतच नाही. त्यात कोणाची तरी हुशारी : 'आधीच भरलेलं असेल तर पुन्हा शोधू नका.' झालं! पुढची रिक्वेस्ट त्याच थ्रेडवर आली की कुलकर्ण्यांना देशपांड्यांचं स्टेटमेंट. आपल्या मशिनवर एकच युजर घेऊन टेस्ट करणाऱ्याला हे जन्मात दिसणार नाही.

"फायनलीमध्ये रिमूव्ह लिहायचं, सोप्पंय." हो, प्रत्येकाने, प्रत्येक ठिकाणी, कायम. शिवाय काम मध्येच दुसऱ्या थ्रेडवर गेलं तर माहिती मागेच राहते, ते वेगळंच. जावा २१ मध्ये (२०२३) व्हर्च्युअल थ्रेड आले. आता लाखो थ्रेड, आणि प्रत्येकाकडे थ्रेड-लोकलची आपापली प्रत. मेमरी कोण देणार? जावावाल्यांनाही हे कळलं, म्हणून जावा २५ मध्ये (२०२५) स्कोप्ड व्हॅल्यू पक्की झाली : ठरावीक ब्लॉकपुरतीच, बाहेर पडलं की संपलं.

ते नसेल तर युजर सरळ पॅरामीटर म्हणून पाठवा ना. "सिग्नेचर लांब होते" म्हणे. होऊ दे की! निदान हे फंक्शन कोणाच्या नावाने चाललंय ते पहिल्या ओळीत वाचता तरी येईल.