नागराजला राजघराणं कशाला हवं होतं?

सुपरहिरो कॉमिक्समध्ये ‘रेटकॉन’ नावाचा एक प्रकार असतो. नायकाचे कितीतरी अंक निघून गेल्यावर लेखक मागे जाऊन त्याचा भूतकाळ बदलतात. आधी सांगितलं ते अर्धवट होतं, खरं असं घडलं होतं, असं म्हणतात. मग चाहते तावातावाने भांडतात. भांडण बहुधा नवी गोष्ट जुन्या अंकांशी जुळते का, यावर असतं. मला त्याहून महत्त्वाचा प्रश्न वेगळा वाटतो. नव्या भूतकाळात जाब कोणाला विचारला जातो?

आपल्याकडचं ठळक उदाहरण नागराजचं. दिल्लीच्या राज कॉमिक्सने १९८६ मध्ये तो आणला. सुरुवातीच्या अंकांची चित्रं पुण्याच्या प्रताप मुळीकांची. मी आर. के. पुरममध्ये राहते. इथल्या सरकारी क्वार्टर्समध्ये वाढलेल्या, माझ्याहून थोड्या मोठ्या मंडळींना हे अंक अजून तोंडपाठ आहेत. पहिल्या अंकातला नागराज कोणाचा वारस नाही. प्रोफेसर नागमणीने दहशतवाद्यांसाठी तयार केलेलं ते एक हत्यार आहे. गोरखनाथ त्याच्या मनावरचा नागमणीचा ताबा काढून टाकतात आणि तो बनवणाऱ्यांच्याच विरोधात उभा राहतो. दुसऱ्याच्या कामासाठी घडवलेला माणूस स्वतःचा मालक होतो, ही गोष्ट आपल्याला कोणी समजावून सांगावी लागत नाही.

पुढे पूर्वकथा बदलली. नागराज राजा तक्षकराज आणि राणी ललिता यांचा मुलगा निघाला. त्याच्या शक्तीचा धागा देव कालजयीपर्यंत गेला. यातून मालिकेला नवे शत्रू आणि नवी कथानकं मिळाली, हे खरं. पण माणसाला वस्तू बनवणाऱ्या नागमणीचा गुन्हा मागे पडला आणि नागराजने मिळवलेलं मोठेपण जन्माने मिळालेलं ठरलं. जन्मावर गुण ठरवणारी व्यवस्था आपल्या ओळखीची आहे. म्हणून हा रेटकॉन मला वाईट वाटतो.

कोणी म्हणेल, बळीही राजाच होता ना? बरोबर. १८७३ च्या ‘गुलामगिरी’त जोतिरावांनी वामन-बळीची कथा हातात घेतली. पात्रं तीच ठेवली, अर्थ उलटा केला. वामन आक्रमक ठरला आणि बळी इथल्या कष्टकऱ्यांचा राजा. पण जोतिराव राजाच्या थोरवीवर थांबत नाहीत. जमीन कोणी बळकावली आणि त्या लुटीला धर्म कोणी म्हटलं, हे ते विचारतात. राजा असणं हा दोष नाही, प्रश्न पुसला जाणं हा दोष आहे.

‘गुलामगिरी’ जोतिरावांनी अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली होती. त्याच अमेरिकेत १३० वर्षांनी, २००३ मध्ये, मार्व्हलने ‘ट्रुथ: रेड, व्हाइट अँड ब्लॅक’ ही मालिका काढली. लेखक रॉबर्ट मोरालेस, चित्रकार काइल बेकर. कॅप्टन अमेरिका १९४१ पासून गोरा, निळ्या डोळ्यांचा. या मालिकेने सांगितलं की त्याला घडवणाऱ्या औषधाचे प्रयोग लष्कराने काळ्या सैनिकांवर केले होते. त्यातले बहुतेक मेले. वाचलेल्या आयझाया ब्रॅडलीच्या वाट्याला सन्मानाऐवजी तुरुंग आला. या कल्पनेमागे टस्कीगीचा खरा इतिहास आहे. तिथे १९३२ ते १९७२ काळ्या पुरुषांचा सिफिलिस उपचाराविना ठेवून नुसता पाहिला गेला. जुन्या कॉमिक्समधलं एकही पान या मालिकेने खोटं पाडलं नाही. पानाबाहेर ठेवलेली माणसं तेवढी आत आणली. चिडलेले वाचकही होते. आपला नायक कोणाच्या जिवावर उभा आहे, हे कळणं कोणाला आवडतं?

आपण पहिल्या पिढीचे पदवीधर. आपलेही रेटकॉन होतात. सत्कारात सूत्रसंचालक सांगतो, “ही लहानपणापासूनच हुशार.” त्या एका वाक्यात वसतिगृह जातं, आईची रोजंदारी जाते, शिष्यवृत्ती जाते. अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ ची, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते तेव्हाची. तिच्यावाचून आपल्यातल्या अनेकांची गोष्ट दहावीलाच संपली असती.

आणि आपणही एक रेटकॉन करतो. आजी का शिकली नाही, असं कोणी विचारलं की सांगतो, “परिस्थिती नव्हती.” परिस्थिती या शब्दात कोणी माणूस नसतो. पोरांना वर्गाबाहेर बसवणारा मास्तर नसतो, गावाचं पाणी तोडणारे नसतात, फुकट राबवून घेणारा वाडा नसतो.

तेव्हा पुढच्या वेळी आपली गोष्ट सांगताना तिला राजघराणं जोडू नका, आणि उपजत हुशारीही नको. आजीला विचारा, शाळेच्या दारात तिला कोणी अडवलं. ती सांगेल ते नाव गोष्टीत घाला. आणि ज्यांनी ते दार उघडलं, त्यांचंही.