उत्सवाचा स्वर, शेजाऱ्याची शांतता

गणरायाच्या आगमनाने घरोघरी मांगल्य अवतरत असता एका प्रश्नाचा विचार व्हावा, असे आम्हांस वाटते. ध्वनिवर्धकाचा कर्णकटू गजर हा धर्मस्वातंत्र्याचा भाग होय काय? चेन्नईतील एका चर्चच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने २००० साली उत्तर दिले: इतरांची शांतता भंगून प्रार्थना करा, असे कोणताही धर्म सांगत नाही. २००५ साली भाषणस्वातंत्र्याची ढालही न्यायालयाने अमान्य केली. बोलण्याचा हक्क आहे, तसाच न ऐकण्याचाही आहे. लोकमान्यांनी उत्सव सार्वजनिक केला तो व्याख्याने, मेळे यांतून लोकजागृती व्हावी म्हणून. ज्या मांडवात वक्त्याचा शब्दच बुडून जातो, तेथे धर्माचे स्वातंत्र्य वाढले असे कसे म्हणावे? शेजारच्या रुग्णाची झोप राखणे, हीही गणेशाची पूजाच होय.